'राइट सीट'ची साफसफाई

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
'राइट सीट'वर मला आज एक वर्ष झालं. हा विमान चालवणाऱ्यांचा बंद ऑनलाइन ग्रुप आहे. जुन्या सदस्याच्या शिफारशीशिवाय आत घेत नाहीत. माझी शिफारस रेणूने केली होती; आमची ओळख ऑनलाइनच, प्रत्यक्ष भेट अजून नाही. रेणू भंडाऱ्याची. ती को-पायलट आहे, म्हणजे विमानात उजव्या सीटवर बसते. मी डाव्या सीटवर बसते. घरी.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये विमानाचा प्रकार, उड्डाणाचे तास आणि बेस विचारला होता. मी लिहिलं: ए३२०, अकराशे, रायपूर. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. सिम्युलेटरवर मी ए३२०च चालवते, रायपूरहूनच निघते, आणि तास सॉफ्टवेअर मोजतं, मी नाही. विमान प्रत्यक्ष जमिनीवरून उठलं पाहिजे अशी अट फॉर्ममध्ये नव्हती. फॉर्म ढिसाळ आहे. कधीतरी सुधारायला सुचवावं.

संकल्प: ग्रुपवर दिवसाला एकच उत्तर द्यायचं. जास्त दिली की इतरांना कमीपणा वाटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चार दिली. लोक फारच चुकीचं लिहीत होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
लँडिंगच्या ऐन वेळी बाबा दारात. म्हणाले, उतरलं का वो बाई तुह्यं विमान? उतरलं असन तं जेवाले ये. बाबांनी स्टील प्लांटमध्ये आयुष्यभर शिफ्ट केली, पण कॉकपिटमध्ये शांतता लागते हे त्यांना समजावता येत नाही. उतरलं नव्हतं. नंतर जे झालं त्याला उतरणं म्हणत नाहीत.

रेणूचा फोन. तिची दर सहा महिन्यांनी द्यावी लागणारी परीक्षा आहे आणि हायड्रॉलिक्स डोक्यात बसत नव्हतं. मी समजावलं. मी नोकरी करते त्या पोलाद मिलमध्ये आम्ही रोज हायड्रॉलिक्सशीच भांडतो, तत्त्व एकच. ती म्हणाली, यार प्रेरणा, तू इन्स्ट्रक्टर कावून नाही होत? मी म्हटलं, वेळ मिळत नाही. हेही खरंच आहे.

ती माझ्याशी मराठीत बोलते. कंपनीत मी हिंदी बोलते, ग्रुपवर इंग्रजी. मराठी घरात आणि रेणूशी. हे नोंदवण्याचं विशेष कारण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
रेणूने ग्रुपवर मोठी पोस्ट लिहिली. डोंगरातल्या एका लहान विमानतळावर उतरताना विमानाचा वेग जास्त होता. नियमाप्रमाणे उतरणं सोडून पुन्हा वर जायला हवं होतं, आणि तसं मोठ्याने सांगणं तिचं काम होतं. शेजारी फार सीनियर कॅप्टन. ती गप्प राहिली. विमान धावपट्टीच्या बरंच पुढे टेकलं. कोणाला काही झालं नाही. तिने लिहिलं होतं: मी घाबरले होते, डोंगराला नाही, शेजारच्या माणसाला. नव्या मुलींनी माझ्यासारखं करू नये म्हणून सांगते आहे.

खाली दीडशे लोकांनी आपापल्या चुका लिहिल्या. पांढऱ्या मिशांच्या कॅप्टनांनीसुद्धा. मीही एक चूक लिहायला घेतली, पण मला आठवेना. सिम्युलेटरमध्ये चूक झाली की मी रीस्टार्ट करते.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
आज मिलमध्ये टूलबॉक्स टॉकची पाळी माझी होती. शिफ्टच्या आधी सगळे गोल उभे राहतात आणि एकाने एक 'नियर मिस' सांगायचा, म्हणजे अपघात होता होता टळला ती घटना. कुम्हारीच्या आमच्या मिलमध्ये सगळ्यांचे नियर मिस सारखेच: तेल सांडलं, पाय घसरला, हेल्मेट होतं म्हणून वाचलो. लहानू फिटर तर दोन वर्षं एकच केळीचं साल सांगतो आहे.

मी रेणूची घटना सांगितली. नाव कापून पोस्टचा फोटो शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मुख्य वाक्याला पिवळा पट्टा मारला, म्हणजे नजर नेमकी तिथे जाते. तारीख आणि विमानतळ ठेवले, कारण तारीख-जागेशिवायचा नियर मिस सेफ्टीवाले घेत नाहीत.

परिणाम उत्तम. लहानू म्हणाला, मॅडम, ही बाई बोलली नाही थे गलत झालं, पन आमच्यात तरी कोन बोलते? शिफ्ट इन्चार्ज भूपेंद्र छत्तीसगढी माणूस, सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही. तो म्हणाला, मैडम, गजब नियर मिस लाए हो.

रेणूला सांगायचं राहिलं. ती फ्लाइटवर होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
भूपेंद्रने सांगितलं की त्याने तो फोटो भाच्याला पाठवला. भाचा मोहित विमानांवर एक इन्स्टाग्राम पेज चालवतो. मी बजावलं की हे फक्त सुरक्षिततेच्या शिक्षणासाठी आहे. तो म्हणाला, जी मैडम, भांजा भी सबको सिखाता ही है. शिक्षण पसरलंच पाहिजे.

४ मार्च, मंगळवार.
सुरक्षा दिन. 'बेस्ट नियर मिस' मला. बक्षीस: स्टीलची बाटली, तिच्यावर माझं नाव कोरलेलं. आईने ती पाणी न भरता शोकेसमध्ये ठेवली.

रेणूला कळवायचं आहे. परीक्षा झाली की.

७ मार्च, शुक्रवार.
फार वाईट झालं.

एका इन्स्टाग्राम पेजवर रेणूची पोस्ट आली आहे. वर लिहिलंय, 'लेडी पायलट ने छुपाया सच'. त्या तारखेला त्या विमानतळावर को-पायलट बाई एकच होती. खाली कमेंटमध्ये लोकांनी शोधून तिचं पूर्ण नाव, फोटो, गाव, सगळं टाकलं. कोणीतरी लिहिलंय, इनको स्कूटी भी मत दो. कंपनीने तिला उड्डाणांवरून उतरवलं आणि चौकशी लावली.

म्हणजे 'राइट सीट'मध्ये कोणीतरी फितूर आहे. माणसाने विश्वासाने बोललेलं असं बाहेर नेणाऱ्याबद्दल मला शब्द सापडत नाही.

पेज मोहितचं आहे. मी शांतपणे विचार केला. माझ्या फोटोत नाव नव्हतं. पेजवर नाव आहे. म्हणजे ज्याने नाव पुरवलं तोच खरा गुन्हेगार, आणि तो माझ्या साखळीच्या बाहेरचा आहे. पेजवरच्या फोटोत पिवळा पट्टा आहे हे खरं. पण ती पद्धत चांगली आहे, कोणीही वापरेल.

८ मार्च, शनिवार.
रेणूशी बोलले. ती रडत नव्हती. तेच जास्त वाईट. म्हणाली, तीनशे जनं होते त्या ग्रुपात, मी सगळ्याइले आपलं समजून लिवलं. मी म्हटलं, मी शोधून काढते. ती म्हणाली, तुझ्यावरच भरवसा आहे आता.

मिलमध्ये महिला दिनाचं गुलाबाचं फूल मिळालं. टेबलावर राहिलं.

९ मार्च, रविवार.
ग्रुपवर भडका. निम्मे म्हणतात, हौशी लोकांना बाहेर काढा. निम्मे म्हणतात, हौशी लोक अभ्यासू असतात, प्रश्न चांगले विचारतात, त्यांच्यामुळेच आपण पुस्तक उघडतो.

मी कधी नव्हे ते मोठं लिहिलं. मुद्दा असा: ही जागा माहितीसाठी नाही, माहिती कुठेही मिळते. ही जागा चुका सांगण्यासाठी आहे. ज्याला स्वतःच्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही, त्याने दुसऱ्याची चूक ऐकणं म्हणजे तमाशा बघणं. हौशी माणूस कितीही हुशार असला तरी तो प्रेक्षकच.

लिहून झाल्यावर परत वाचलं. अगदी अचूक आहे. दोनशे लाइक्स. अॅडमिन कॅप्टन हेमराज, निवृत्त, भारदस्त माणूस, त्यांनी लिहिलं की बऱ्याच दिवसांनी कोणीतरी व्यावसायिक पायलटसारखं बोललं.

१२ मार्च, बुधवार.
कॅप्टन हेमराज यांनी तीन जणांची पडताळणी समिती नेमली. त्यात मी. नियमही मीच लिहिले. लायसन्स दाखवा नाही तर बाहेर. आणि ज्याने अपात्र माणसाची शिफारस केली, तोही बाहेर. हा दुसरा नियम जरा कडक आहे असं कॅप्टन म्हणाले. मी म्हटलं, मिलमध्ये बिगर-परमिट माणसाला आत सोडणाऱ्याचा गेटपास आधी जप्त होतो. त्यांनी विचारलं, कोणत्या मिलमध्ये? मी म्हटलं, उदाहरणार्थ.

१६ मार्च, रविवार.
होळीची सुट्टी कामी आली. अकरा जणांना काढलं. त्यांतले एक बाबुलाल सर, कुम्हारीचे निवृत्त फिजिक्स शिक्षक, पुतण्याच्या शिफारशीने आलेले. मी रोज त्यांच्या गावात कामाला जाते, कधी बोलले नाही. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या एका उत्तरातली चूक दाखवली होती. त्याचा याच्याशी संबंध नाही. पात्रता नसताना बरोबर असणं हाही नियमभंगच.

त्यांनी निरोपात लिहिलं: बेटी, मला विमानात बसायचीच भीती वाटते, म्हणून समजून घेत होतो. पुतण्याला काढू नका, तो खरोखर उडवतो.

पुतण्यालाही काढलं. नियम भावनेवर चालत नाहीत.

फितूर यांच्यापैकीच कोणीतरी असणार. रेणूला कळवलं. ती म्हणाली, त्या म्हाताऱ्या सरांना कावून काढलं वो? ती मनाने मऊ आहे.

१८ मार्च, मंगळवार.
समितीतल्या दुसऱ्या सदस्याने सुचवलं की समितीनेही आपापली लायसन्स दाखवावीत. मी विरोध केला. मोजमाप करणारं उपकरण स्वतःच स्वतःला मोजू शकत नाही, त्यासाठी बाहेरचं कॅलिब्रेशन लागतं. त्याने लिहिलं, मग बाहेरून करू. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. तेवढ्यात काहीतरी सुचेल. म्हणजे, वेळ मिळेल.

२० मार्च, गुरुवार.
रेणू रविवारी येते म्हणते. घरी बसून वेडी होऊन राहिली, म्हणाली. भंडाऱ्याहून दुर्गपर्यंत गाडी आहे. तुला एकदा समोरासमोर भेटू दे, बाकी कोणाला समजत नाही.

नाही म्हणता आलं असतं. रविवारी माझी ड्यूटी नाही हे तिला माहीत आहे; तिचा समज आहे की फ्लाइट नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी.
तयारी पूर्ण. कम्प्युटर, जॉयस्टिक आणि पेडलवर चादर टाकली. आईने विचारलं, कावून झाकून राहिली? धूळ, म्हटलं. बाबांना सांगितलं की विमानाचा विषय अजिबात काढायचा नाही, मैत्रीण त्रासात आहे. बाबा म्हणाले, नाही काढत वो, मी का लहान आहो?

सगळ्या शक्यता तपासल्या. धोका शून्य.

त्याच दिवशी, दुपारी.
रेणू दहाला आली. फोटोपेक्षा बारीक दिसते. स्टेशनवर मला मिठी मारली. मला त्याची सवय नाही, पण मी हात योग्य ठिकाणी ठेवले. तिला स्कूटरवरून रिसालीला घरी आणलं.

बाबांनी जय भीम करून बसवलं आणि खरोखरच विमानाचा विषय काढला नाही. भंडाऱ्यातला तांदळाचा भाव, नात्यातले कोण कुठे, यावर बोलले. रेणू बऱ्याच दिवसांनी हसत होती. मला म्हणाली, तुझ्या घरी किती हलकं वाटते.

मग आईने पाहुणी म्हणून शोकेसमधली बाटली काढली आणि पहिल्यांदा तिच्यात पाणी भरून आणली. मी आईला काहीच बजावलं नव्हतं, कारण बाटलीचा विषय विमानाचा नाही. आई म्हणाली, पाहा, पोरीचं नाव आहे वरतं. कंपनीत बक्षीस भेटलं हिले. कोन्या एका पायलट बाईची चूक झाली होती, थे हिनं साऱ्याइले समजावून सांगतली, फोटो गिटो दाखवून.

रेणूने बाटली खाली ठेवली. विचारलं, काकू, कोणती पायलट बाई?

आई म्हणाली, नाव नाही सांगतलं हिनं. चांगल्या घरची पोरगी असन, बदनामी कावून कराची?

मी म्हटलं की नाव कापलेलं होतं. रेणूने माझ्याकडे पाहिलं. मग उठून चादर उचलली. जॉयस्टिक बघितली, पेडल बघितलं, खुर्ची बघितली. बराच वेळ खुर्चीकडेच.

मी खुलासा केला. फॉर्ममधले तिन्ही रकाने बरोबर होते. टूलबॉक्स टॉकमध्ये नियर मिस लपवणं हा दोष मानतात, सांगणं नव्हे. आणि फितुराचा शोध समितीमार्फत चालूच आहे. तिने मध्येच विचारलं, माझं लायसन्स गेलं तर मी काय करू, सांग. आणि तुझं काय जाते? मी म्हटलं, समितीतलं माझं स्थानही धोक्यात आहे.

तिने पर्स उचलली.

पान वाढलेलं होतं. आईने वडाभात केला होता, मुद्दाम. ती म्हणाली, काकू, गाडीची वेळ झाली. गाडी चारची होती. स्कूटरवर यायला नाही म्हणाली. बाबा ऑटोपर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काही म्हणाली का? बाबा म्हणाले, काही नाही. इतकंच म्हने का काकाजी, तुमची पोरगी लई हुशार आहे.

म्हणजे राग नसावा.

आई अजून म्हणते आहे, जेवलीच नाही पोरगी. मीठ जास्त झालं का?

२५ मार्च, मंगळवार.
लंच ब्रेकमध्ये मेलवर आलेली नोटीस पाहिली, कारणासकट. 'राइट सीट'मधून दोन सदस्य कमी करण्यात आले: मी आणि रेणू.

रेणूने स्वतः कॅप्टन हेमराज यांना सगळं लिहिलं. फोटो कुठून गेला, मी कोण आहे, आणि माझी शिफारस तिनेच केली होती, म्हणून नियमाप्रमाणे तिलाही काढावं. त्यांनी काढलं.

मी पूर्णपणे हादरले आहे. घरी बोलावलं, पान वाढलं, बाबा उन्हात ऑटोपर्यंत गेले. आणि तिने आमच्या घरात, आपसात झालेलं बोलणं उचलून तिसऱ्याला नेऊन सांगितलं. मला आधी एका शब्दाने विचारलं नाही. एकीचं खाजगी बोलणं दुसरीकडे नेणं याला दगाच म्हणतात. दुसरा शब्द नाही.

भूपेंद्र म्हणाला, मैडम, तबीयत ठीक नहीं क्या? मी म्हटलं, एका मैत्रिणीने फसवलं. तो म्हणाला, आजकल किसी को कुछ बताना ही नहीं चाहिए. बरोबर आहे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
कॅप्टन हेमराज यांना अपील पाठवलं. मुद्दा असा: ही जागा केवळ लायसन्सधारकांची नसावी. ज्ञानाला लायसन्स नसतं. हौशी माणूस प्रेमापोटी शिकतो, पोटापाण्यासाठी नाही, म्हणून तो जास्त प्रामाणिक असतो. तो प्रेक्षक नव्हे, साक्षीदार असतो.

लिहून झाल्यावर परत वाचलं. हेही अगदी अचूक आहे.

३ एप्रिल, गुरुवार.
उत्तर आलं. त्यांनी लिहिलं: बेटा, तुझी उत्तरं नेहमी बरोबर असायची. पण आम्ही तिथे उत्तरांसाठी जमत नाही.

पहिल्या वाक्यात त्यांनी माझी योग्यता मान्य केली आहे. दुसऱ्याचा अर्थ संदिग्ध आहे.

६ एप्रिल, रविवार.
संकल्प: रेणूला मेसेज करायचा नाही. चूक तिची आहे, सुरुवात तिने करावी.

सिम्युलेटर सुरू केला. रायपूरहून निघाले. वाटेत तिचे जुने व्हॉइस मेसेज ऐकले, हायड्रॉलिक्सच्या संदर्भासाठी. उतरायचं राहून गेलं, इंधन संपलं.

१३ एप्रिल, रविवार.
रेणूला मेसेज केला. फक्त तांत्रिक: परीक्षेचं काय झालं, एवढंच. उत्तर नाही.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंती. बाबा पांढरे कपडे घालून मिरवणुकीला गेले. आईने विचारलं, थे तुह्यी मैत्रीण येत नाही का आता? मी म्हटलं, तिचं शेड्यूल टाइट आहे. पूर्वी तिचा महिन्याचा रोस्टर मला पाठ असायचा. ती आता उडते की नाही हेही मला माहीत नाही.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी.
उडते.

तिच्या अकाउंटवर फोटो आला, सर्वांसाठी खुला. युनिफॉर्ममध्ये, विमानासमोर उभी. खाली लिहिलंय, 'बॅक ऑन माय ए३२०'. चौकशीतून सुटली असावी. मला कोणी सांगितलं नाही. त्या प्रकरणापासून तिला फॉलो करणाऱ्या लाखभर लोकांबरोबर कळलं.

खाली हजारेक कमेंट. प्राउड ऑफ यू मॅम. नारी शक्ती. मॅम एक रिप्लाय प्लीज. मी बराच वेळ विचार केला की काय लिहावं, जे इतरांनी लिहिलेलं नाही आणि जे वाचून तिला कळेल की मी आहे. शेवटी लिहिलं: मागे उभं असलेलं विमान ए३२० नसून ए३२१ आहे, पंखाच्या मागचं दार पाहा.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. रेणूचं नव्हतं. कोणी अनोळखी मुलगा, प्रोफाइलवर बुलेटचा फोटो. त्याने विचारलं, दीदी, आप पायलट हो?

मी टाइप केलं, तांत्रिकदृष्ट्या. पुसलं. टाइप केलं, अकराशे तास. पुसलं. रेणू कदाचित वाचत असेल असं वाटलं, म्हणून शेवटी लिहिलं, नहीं.

तो म्हणाला, तो फिर मैडम को मत सिखाओ ना. त्याला चाळीस लाइक्स मिळाले. एक रेणूचा.

विमान ए३२१च आहे.